‘कळवतो’ म्हणालात ना दादा, मग कळवा

नाशिकच्या अंबडहून एका दादांचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते.

“ताई, अंबड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे भाग मशीनवर बनवून देतो, 38 लोक आहेत. मार्चमध्ये दोन जागा काढल्या, एक क्वालिटी इन्स्पेक्टर, एक अकाउंट्सला. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरवली, एका जॉब साइटवर पण टाकली. तीनशेच्या वर बायोडाटा आले. 14 जणांना बोलावलं, दोघांना घेतलं. बाकीच्यांना निघताना ‘कळवतो’ म्हणालो होतो पण नंतर कस्टमरचं ऑडिट लागलं, एक मशीन बंद पडलं, राहून गेलं. गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्नाला गेलो होतो, तिथे जेवताना एक गृहस्थ शेजारी येऊन म्हणाले, माझी मुलगी तुमच्याकडे इंटरव्ह्यूला आली होती, तुम्ही तिला ‘जवळजवळ फायनल आहे, कळवतो’ म्हणालात, तिने सिन्नरला मिळत असलेली नोकरी त्या आशेवर सोडली, दोन महिने झाले, फोन हातातून खाली ठेवत नाही. ताई, मला पुढे घास उतरला नाही. पण खरं सांगा, एवढ्या सगळ्यांना आमच्यासारख्या छोट्या माणसाने कळवायचं कसं? आमच्याकडे एचआर वगैरे नाही, मी आणि मिसेस दोघंच बघतो. नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, वाद घालतात, ओळखीच्यांचे फोन येतात. आणि उमेदवार तरी कुठे कळवतात हो, येतो म्हणतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. कायद्याने कळवणं बंधनकारक आहे का?”

दादा, पत्र दोनदा वाचलं. कायद्याचं आधी सांगून टाकते म्हणजे तो विषय बाजूला होईल. आपल्याकडे खाजगी कंपनीने उमेदवाराला हो-नाही कळवलंच पाहिजे असा कायदा नाहीये. सरकारी भरतीत निदान यादी लागते, मार्क दिसतात, आणि काही लपवलंय असं वाटलं तर 2005 चा माहिती अधिकार आहे, 10 रुपयांचा अर्ज टाकला की 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खाजगीत यातलं काहीच नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने मात्र 1 जानेवारी 2026 पासून नियमच केलाय, ज्यांच्याकडे 25 किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि ज्यांनी जाहीर जाहिरात देऊन इंटरव्ह्यूला बोलावलं, त्यांनी इंटरव्ह्यूपासून 45 दिवसांच्या आत त्या माणसाला निर्णय झाला की नाही ते सांगायचं. तुमचे 38 लोक, म्हणजे तुम्ही तिकडे असतात तर या नियमात बसला असतात, आणि दोन महिने झाले म्हणजे मुदतही टळून गेली असती.

45 दिवस वाचून तुम्हाला अजून काहीतरी आठवलं असेल. तुमची बिलं. 2006 चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, त्या नोंदणीचं ‘उद्यम’ सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असणार, छोट्या उद्योगाचं पेमेंट करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, आणि 2024 पासून इन्कम टॅक्सचं 43 बी एच हे कलम आलं तेव्हापासून जो वेळेत देत नाही त्याला तो खर्च त्या वर्षी वजासुद्धा मिळत नाही. हा कायदा का करावा लागला? कारण मोठ्या कंपनीला छोट्याला ताटकळत ठेवायचं काहीच वाटत नव्हतं, ‘चेक तयार आहे फक्त सही राहिलीय’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘फाइल वर गेलीय’. आणि पेमेंटचं सोडा, कोटेशनचं घ्या. तुम्ही ड्रॉइंग बघून रेट दिला, सॅम्पल बनवून दिलं, पर्चेसवाला म्हणाला सॅम्पल ओके आहे, ऑर्डर जवळजवळ तुमचीच, कळवतो. मग तीन महिने शांतता. त्या तीन महिन्यांत तुम्ही मटेरियल आणून ठेवलं, मशीनवर दुसरं काम घेतलं नाही, कारण हे आलं तर कुठे बसवणार. नंतर कुणाकडून तरी कळलं की ऑर्डर कधीच दुसऱ्याला गेली. असं तुमच्या बाबतीत एकदा तरी झालं असेलच, अंबड-सातपूरला असं न झालेला जॉबवर्कवाला मला अजून भेटायचाय. त्या मुलीने तेच केलं दादा, तुमच्या शब्दावर मशीन रिकामं ठेवलं.

म्हणून मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते ‘कळवलं नाही’ हे नाही, ते ‘जवळजवळ फायनल’ हे खटकलं. तीनशे जणांना उत्तर गेलं नाही हे चूक आहेच पण समजू शकते. तोंडावर चांगलं वाटावं म्हणून आपण असं काहीतरी बोलून जातो, समोरचं माणूस खूश होऊन जातं, आपल्यालाही बरं वाटतं, आणि आपण विसरतो, ते माणूस मात्र ते वाक्य घरी घेऊन जातं, आईला सांगतं, शेजारी सांगतं, त्यावर दुसरं दार बंद करतं.

‘कळवतो’ हा शब्द आपल्याकडे नोकरीच्याही आधी लग्नाच्या बैठकीतून आलाय असं मला नेहमी वाटतं. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न विचारून झाले, मंडळी उठतात, चपला घालता घालता म्हणतात ‘कळवतो’. माझ्या मावशीच्या वेळी आजोबा रोज अकराच्या सुमारास ओट्यावर येऊन बसायचे, पोस्टमन यायची वेळ ती. आणि पत्र यायचं बरं का. बहुतेक वेळा दोनच ओळी, ‘योग नाही’ नाहीतर ‘पत्रिका जुळत नाही’. कारण खरं असेलच असं नाही, पण आजोबा ते कार्ड वाचून घडी करून कोनाड्यात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्थळाची चौकशी सुरू करायचे. एकदा येवल्याकडच्या एका स्थळाने काहीच कळवलं नाही, तेव्हा आजोबांनी पाच महिने दुसरीकडे शब्द टाकला नाही, होकार आला तर काय तोंड दाखवायचं म्हणून. मावशी आजही त्या नकार देणाऱ्या लोकांबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही. त्या पाच महिन्यांबद्दल मात्र बोलते, आता सत्तरी ओलांडली तरी.

आता माझं सांगते, म्हणजे मी हे वरून उपदेश म्हणून बोलत नाहीये हे कळेल. 1996 ला माझा सातपूरच्या एका कंपनीत पर्सोनेलच्या, म्हणजे आजच्या एचआरच्या, जागेसाठी इंटरव्ह्यू झाला, साहेब छान बोलले, म्हणाले आठ-दहा दिवसांत पत्र येईल. तेव्हा मी नाशिकरोडला एका क्लासमध्ये शिकवणार होते, त्यांना म्हटलं जरा थांबा. ते थांबले थांबले आणि त्यांनी दुसरी बाई घेतली. तीन महिन्यांनी मी धीर करून कंपनीच्या गेटवर गेले, तर वॉचमन म्हणाला, ‘मॅडम, ती जागा तर केव्हाच भरली, जूनपासून माणूस येतोय.’ मला वॉचमनकडून कळलं. तो बिचारा चांगला होता, त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी तेव्हा सातपूरहून सीबीएस बसस्टँडपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत आले. नोकरी न मिळाल्याचं दुःख होतंच, पण जास्त लाज वाटत होती की आपण तीन महिने ज्या गोष्टीची वाट बघत होतो ती जगात नव्हतीच.

आणि तरी पुढे मी स्वतः दुसऱ्या एका कंपनीत पर्सोनेलला लागले आणि दोन-तीन वर्षांत तेच केलं जे माझ्याशी झालं होतं. फॉर्मचे गठ्ठे टेबलाखाली, ‘कळवू’ म्हणायचं आणि शिफ्टच्या, पगाराच्या, युनियनच्या गडबडीत विसरायचं. सुरगाण्याकडचा एक आयटीआय फिटर मुलगा होता, तो तिसऱ्यांदा चौकशीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, फोन का नाही केलास? तर म्हणाला, ‘मॅडम, गावात फोन लागत नाही, आणि एसटीने आलो तर निदान तुम्ही भेटता.’ सुरगाणा ते नाशिक म्हणजे सापुताऱ्याच्या बाजूच्या डोंगरातून येणं, पहाटेची गाडी, यायचं भाडं, जायचं भाडं, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. तीन वेळा. आणि त्याचं नाव पहिल्याच दिवशी कटलेलं होतं, माझ्या हातानेच. त्या दिवसापासून मी एक वही केली, ज्याला ज्याला आत बोलावलं त्याचं नाव, कधीपर्यंत कळवणार ती तारीख, कळवलं की टिक. रिटायर होईपर्यंत ती वही चालू होती. फार मोठं काम नव्हतं हो, आठवड्यातला एक तास जायचा. तुम्हालाही मी तेच करायला सांगणार आहे, तुमच्या मिसेसना विचारून, कारण ते काम बहुतेक त्यांच्याच गळ्यात पडणार.

तीनशे जणांचं ओझं मनावर घेऊ नका. ज्याने नुसता बायोडाटा फॉरवर्ड केला त्याने तुमच्यासाठी एक मिनिट घातलंय, तो आणखी पन्नास ठिकाणी पाठवतोय, त्याला पोहोचलं एवढं कळलं आणि किती दिवस वाट बघायची ते कळलं की पुष्कळ झालं. ते जाहिरातीतच लिहून टाका, ‘अर्ज 10 तारखेपर्यंत, ज्यांना 20 तारखेपर्यंत फोन येणार नाही त्यांनी या वेळी निवड झाली नाही असं समजावं’. जाहिरातीवर तारीख-महिना-वर्ष मोठ्या अक्षरात टाका, कारण आपल्या ग्रुपवर ते चित्र दोन वर्षं फिरत राहतं आणि पेठ-कळवणकडून पोरं जुन्या जाहिरातीवर निघून येतात, मी पाहिलेत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं की त्यात आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, पहिल्यांदा कोणी लिहिलं की ‘तुमचा अर्ज मिळाला, 20 तारखेपर्यंत कळवू’ हा स्वतः जातो, तुम्ही मशीनवर असलात तरी. आणि जागा भरली की साइटवरची जाहिरात त्याच दिवशी बंद करा.

ज्यांना तुम्ही बोलावलं त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले, कोणी सुट्टी टाकली, कोणी मालेगावहून शंभर किलोमीटर आलं, आदल्या रात्री सिडकोत मामाकडे मुक्काम केला, सकाळी पाथर्डी फाट्यापासून रिक्षा शोधली, तुमच्या गेटवर रजिस्टरमध्ये सही केली, आणि मग आत बसून तुमच्या प्रश्नांना उत्तरं दिली. जाहिरातीतलं ‘फोन आला नाही तर समजा’ हे वाक्य त्यांना लागू होत नाही, त्यांना नाव घेऊन उत्तर द्यायलाच हवं. 14 माणसं आहेत हो, चौदा. त्यातले दोघं तुमच्याकडेच कामाला आहेत. ज्यांच्याकडून तुम्ही काम करून बघितलं असेल, म्हणजे व्हर्निअर-मायक्रोमीटर हातात देऊन मशीनवर बनलेला भाग मोजायला लावला, ड्रॉइंग वाचून घेतलं, किंवा अकाउंट्सवाल्याला टॅलीत एन्ट्र्या करायला बसवलं, त्यांना मेसेजसुद्धा नको, फोन करा, दोन मिनिटांचा. (आणि असं करून घेतलेलं काम चुकूनही प्रत्यक्ष वापरू नका. काही लोक टेस्टच्या नावाखाली आठवड्याची पेंडिंग एन्ट्री उरकून घेतात, तुम्ही तसे नाही असं धरून चालते.)

निघताना ‘कळवतो’ म्हणायची सवय सोडा आणि त्याजागी तारीख सांगा. ‘मंगळवारी संध्याकाळपर्यंत मेसेज येईल, हो असो नाहीतर नाही.’ तारीख सांगितली की तुमच्यावरही बंधन येतं. आणि मंगळवारपर्यंत ठरलं नाही, ऑडिट लागलं, मशीन पडलं, तर मंगळवारी तेवढंच कळवा की अजून ठरलेलं नाही, शनिवारपर्यंत सांगतो, दुसरीकडून ऑफर आली असेल तर आमच्यासाठी थांबू नका. हे शेवटचं वाक्य म्हणायला मालकाला जड जातं, मला माहितीय, कारण चांगला माणूस हातचा जाईल ही भीती. पण तो दोन महिने आपल्यासाठी मोकळा बसून राहावा आणि आपण मात्र त्याला काही बांधील नाही, असं कुठल्या व्यवहारात चालतं?

दुसऱ्या नंबरच्या माणसाचं तर आपल्याकडे फार हाल करतात. पहिला येईल की नाही याची खात्री नसते म्हणून दुसऱ्याला ‘होल्डवर’ ठेवतात आणि त्याला माहीतही नसतं. सरळ सांगा त्याला, की एकाला ऑफर दिलीय, तो अमुक तारखेला जॉइन होणार आहे, नाही झाला तर तुमचं नाव आहे, चालेल का? ज्याला चालेल तो थांबेल, आणि ज्याने थांबायचं ठरवलं त्याने स्वतः ठरवलेलं असेल.

तुम्ही म्हणता उमेदवार तरी कुठे कळवतात. खरंय, आणि याचा राग येणं चूक नाही, जॉइनिंगच्या दिवशी खुर्ची रिकामी आणि फोन बंद, तिकडे कस्टमरला तुम्ही शब्द दिलेला. पण बघा, ही पोरं हे कुठून शिकली? कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिल्या वीस-पंचवीस कंपन्यांनी त्यांना काहीच कळवलेलं नसतं, मेल केला तर उत्तर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिका आणि पुढे शांतता. मग पुण्याहून, चाकणहून दोन हजार जास्तीची ऑफर आली की तेही तेच करतात, त्यांना वाटतं नोकरीच्या जगात असंच असतं. माझा बावीस वर्षांचा अनुभव असा आहे की ज्याच्याशी आपण आधीपासून तारीख सांगून, पगाराचा आकडा सांगून, नीट बोललो, तो येणार नसेल तरी बहुतेक वेळा एक फोन करतो, लाजत का होईना. सगळे नाही करत. पण करणारे वाढतात, आणि जॉइनिंगच्या चार दिवस आधी एक फोन तुम्हीच केलात, ‘सोमवारी येताय ना, काही बदललं असेल तर आत्ता सांगा, मी रागावणार नाही’, तर रिकाम्या खुर्चीचा प्रकार निम्मा तरी कमी होईल.

आता कारण विचारतात त्याचं. मेसेजमध्ये कारण लिहायची सक्ती नाही, पण कोणी विचारलं तर कामाशी जोडलेलं, खरं आणि छोटं सांगा. ‘आम्हाला जिओमेट्रिक टॉलरन्सचं (भागाच्या आकारात किती फरक चालतो ते दाखवणारं) ड्रॉइंग वाचता येणारं माणूस लगेच हवं होतं, तुम्ही त्यात कमी पडलात’ हे कडू वाटलं तरी त्या मुलाच्या उपयोगाचं आहे, तो दोन महिन्यांत ते शिकून घेईल. पण ‘तुमचं लग्न ठरलंय ना, मग’ किंवा ‘शिफ्ट आहे, आम्हाला मुलगाच बरा पडतो’ असं कारण जर खरोखर तुमच्या मनात असेल तर प्रश्न मेसेजचा राहत नाही, निवडच चुकलीय. भरतीत बाई म्हणून डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्यात बंदी होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. त्या मुलीच्या बाबतीत असं काही झालं का हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही, तुमचं तुम्ही मनात बघा. आणि कारण सांगून झालं, वाद सुरू झाला, तर वाद घालू नका, ‘निर्णय झालाय, तुमचं म्हणणं ऐकलं’ एवढं बोलून थांबा. भांडतात दहातला एखादा, बाकीचे ‘ओके सर, थँक यू’ लिहितात, आणि कित्येक जण तर आश्चर्यानं लिहितात की तुम्हीच पहिले ज्यांनी कळवलं.

ओळखीच्यांचे फोन हा नाशिकचा जुना प्रकार, गाव मोठं झालं तरी सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात, कोणाचा भाचा, कोणाच्या सोसायटीतला, कोणासाठी नगरसेवकाचा फोन. यात एकच पाळा, उत्तर आधी उमेदवाराला, मग ओळखवाल्याला. पंचवटीत चहाच्या टपरीवर काकांना कळलं आणि पोराला काकांकडून कळलं, असं होऊ देऊ नका, त्या पोराचा पाणउतारा होतो. काकांना म्हणायचं, त्याच्याशी माझं बोलणं झालंय, तो सांगेल तुम्हाला.

आता राहिलेल्या बारा जणांचं. त्यातली एक ती मुलगी, तिचं शेवटी बोलते. अकरा जणांना आज रात्री मेसेज करा, एकेकाला, वेगवेगळा. ग्रुप तर बनवूच नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यात मुलींचेही असतात, आणि कोण कोण नापास झालं याची यादीच आपण जाहीर करतो. ब्रॉडकास्टचा मोह होईल, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोहोचतच नाही आणि तुम्हाला वाटतं पाठवला. मेल करणार असाल तर सगळ्यांचे पत्ते एका ओळीत दिसतील असे टाकू नका, बीसीसीत टाका. मजकूर साधा असू द्या, असा काहीतरी:

“नमस्कार, मार्चमध्ये तुम्ही आमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरच्या इंटरव्ह्यूला आला होतात. त्या जागेवर आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं आहे. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, आम्ही सांगितलं नाही, तुम्हाला वाट बघावी लागली त्याबद्दल माफ करा. तुम्ही वेळ आणि खर्च करून आलात, त्याबद्दल आभारी आहे.”

खाली कंपनीच्या नावाबरोबर तुमचं स्वतःचं नाव टाका. ‘पुढे संधी आली तर नक्की कळवू’ हे वाक्य घालू नका, सवयीने हात जाईल तिकडे, पण तो परत एक ‘कळवतो’च झाला. ज्याला खरंच बोलवायचंय त्याच्यापुरतं लिहा. आणि उशीर झालाय, आता काय तोंडाने पाठवू असं वाटेल, तरी पाठवा. अकरातले निम्मे कुठेतरी लागले असतील, त्यांना काही फरक पडणार नाही. उरलेल्यांना पडेल.

तेवढं झालं की ज्यांना घेतलं नाही त्यांच्या बायोडाट्याचं बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक आधारचा, पॅनचा, मार्कशीटचा फोटो पाठवून मोकळे होतात, तो तुमच्या फोनमध्ये, मिसेसच्या फोनमध्ये, सुपरवायझरच्या फोनमध्ये पडून राहतो, त्याच्या पोराच्या हातातही तोच फोन असतो. अर्जाच्या टप्प्यावर आधार मागायची गरजच नाही, पुढच्या वेळी जाहिरातीत तसं लिहा, आणि जे आलेत ते डिलीट करा. 2023 ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, त्याचं सगळं आपल्याला कळो न कळो, दुसऱ्याची कागदपत्रं आपल्याकडे गरजेपुरतीच ठेवायची एवढं तर कळतं.

आता ती मुलगी. तिला मेसेज नको, फोन करा, आणि तिलाच करा. लग्नात वडील भेटले म्हणून वडिलांना फोन करून ‘सांगा तिला’ म्हणू नका, इंटरव्ह्यू तिने दिला होता. संध्याकाळी सहाच्या पुढे करा, तुमच्या शॉपमधला आवाज मागे नको. नाव सांगून आधी विचारा, बोलायला वेळ आहे का. मग फिरवून बोलू नका, पहिल्याच वाक्यात जागा भरल्याचं सांगा, नाहीतर तुमचा फोन आलाय म्हटल्यावर तिच्या मनात एका सेकंदात काय येईल ते समजून घ्या. नंतर म्हणा की ‘जवळजवळ फायनल’ असं मी म्हणालो ते मी म्हणायला नको होतं, आणि नंतर कळवलं नाही ही माझी चूक. ऑडिटचं, मशीनचं सांगू नका, ते तिच्या कामाचं नाही. ती चिडली तर चिडू द्या, गप्प राहिली तर तुम्हीही दोन क्षण गप्प राहा. तिचा इंटरव्ह्यू खरंच चांगला झाला असेल तर काय चांगलं होतं ते नेमकं सांगा.

आणि वाईट वाटतंय म्हणून नसलेली जागा तयार करून तिला बोलावू नका. तीन महिन्यांनी तुम्हाला तो पगार जड होईल आणि तिलाही कळेल की आपल्याला दयेपोटी घेतलंय, ते तिच्यासाठी आत्तापेक्षा वाईट. हां, एक गोष्ट तुम्ही करू शकता. सिन्नरच्या त्या कंपनीत नाही तर मुसळगावला, सातपूरला तुमच्या ओळखीचे युनिटवाले आहेतच, एकमेकांकडून टूल मागून आणता तुम्ही लोक. तिला विचारा, मी दोन-तीन ठिकाणी तुमच्यासाठी शब्द टाकला तर चालेल का? ती नको म्हणाली तर विषय संपला, परत विचारू नका. चालेल म्हणाली तर बायोडाटा पुन्हा मागवा आणि तिला एक वार सांगा, समजा पुढचा गुरुवार. गुरुवारपर्यंत कोणाचंच उत्तर आलं नाही तरी गुरुवारी तिला फोन करा.